मेल ‘पाठवला’ म्हणजे नक्की कुणाच्या हातात दिला? लिनक्स, विंडोज आणि मॅकवरून स्क्रिप्टने ई-मेल पाठवताना



बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात पीएचपीचं प्रकरण आहे, हे हा विषय शिकवणाऱ्यांना ठाऊक आहेच. प्रकरण शिकवून झालं, प्रोजेक्टची वेळ आली, की मुलांना एक गोष्ट हमखास हवी असते. फॉर्म भरला की आपोआप मेल गेला पाहिजे! पुस्तकात बघावं तर एका ओळीचं काम. कुणाला, विषय काय, मजकूर काय, एवढं ‘मेल’ नावाच्या फंक्शनला सांगायचं. प्रत्यक्षात मात्र निम्म्या वर्गाचं घोडं इथेच अडतं.

मागे एक विद्यार्थी माझ्याकडे आला. “सर, हीच फाईल घरी वॉर्निंग देते आणि शाळेत ‘मेल पाठवला’ म्हणते. फाईल तीच आहे, एक अक्षर बदललेलं नाही.” त्याच्या घरी विंडोज आणि त्यावर झॅम्प. शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स. मी त्याला म्हटलं, “म्हणजे शाळेत चालते. झालं तर मग.” हे माझं वाक्य पुढे महागात पडलं. कसं, ते सांगतोच. त्यासाठी आधी पत्र जातं कसं ते बघावं लागेल.

एकाच कामाच्या दोन रीती

आपण टपाल दोन प्रकारे पाठवू शकतो. एक, नाक्यावरच्या लाल पेटीत टाकायचं आणि निघून जायचं. दोन, पोस्टाच्या काउंटरवर उभं राहायचं, पत्र कारकुनाच्या हातात द्यायचं आणि पावती घेऊनच बाहेर पडायचं. लिनक्सवरची स्क्रिप्ट सहसा पहिलं करते. विंडोजवरची स्क्रिप्ट दुसरं करते, कारण तिच्या घरात लाल पेटीच नसते.

लिनक्स ज्या युनिक्स घराण्यातून आलं, तिथे एका मोठ्या संगणकावर अनेक जण काम करत. एकमेकांना निरोप ठेवणं ही रोजची गरज होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ हा प्रोग्रॅम लिहिला. पत्र घ्यायचं, रांगेत ठेवायचं, पुढच्या संगणकाला द्यायचं, हे त्याचं काम. तेव्हापासून युनिक्सवरच्या प्रत्येक स्क्रिप्टला सवय लागली की पत्र सेंडमेलच्या हवाली करायचं आणि आपल्या कामाला लागायचं. पुढे १९९८ मध्ये वीत्से व्हेनेमा यांचा ‘पोस्टफिक्स’ आला. आत सगळं वेगळं, पण दारावर पाटी जुनीच, ‘सेंडमेल’. म्हणून जुन्या स्क्रिप्ट्स आजही त्याच दारात पत्र टाकतात. पीएचपीचं मेल फंक्शनही लिनक्सवर हेच करतं.

विंडोज वाढलं ते एका माणसाच्या टेबलावरचा संगणक म्हणून. त्यात असं घरचं पोस्ट ऑफिस कधी नव्हतं. मग तेच मेल फंक्शन विंडोजवर काय करतं? पीएचपीच्या सेटिंगच्या फाईलमध्ये एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावरच्या मेल सर्व्हरशी ते स्वतः बोलायला जातं. सेटिंगला आपण हात लावला नसेल तर तिथे ‘लोकलहोस्ट’, म्हणजे हाच संगणक, आणि पोर्ट २५ असं लिहिलेलं असतं. बिचारं आपल्याच घराचं दार ठोठावतं, आत पोस्टमास्तर नाही, म्हणून वॉर्निंग देतं. माझ्या विद्यार्थ्याला घरी दिसत होती ती हीच.

इथे एक गंमत. न्हावा शेवाच्या आसपासच्या मुलांना ‘पोर्ट’ म्हटलं की क्रेन आणि कंटेनर दिसतात. वर्गात मी ते तसंच वापरतो. एका संगणकात अनेक धक्के आहेत असं समजा, प्रत्येक धक्क्यावर ठरावीक प्रकारचाच माल उतरतो. २५ नंबरचा धक्का एका मेल सर्व्हरचं टपाल दुसऱ्या मेल सर्व्हरला द्यायचा. तुमच्या-आमच्यासारख्यांनी ओळख पटवून पत्र सोपवायचं ते ५८७ वर किंवा ४६५ वर. इंटरनेट पुरवणाऱ्या बऱ्याच कंपन्या घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारा २५ नंबर बंद ठेवतात, कारण व्हायरस लागलेले संगणक तिथूनच कचरा मेल ओतत असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, थोड्या वेळात लागणार आहे.

धक्क्यावरचं संभाषण मुलांना करून दाखवण्यासारखं आहे. ही पद्धत १९८२ साली ठरली आणि अजून बरीचशी तीच आहे. स्क्रिप्ट म्हणते, नमस्कार. सर्व्हर म्हणतो, २५०, म्हणजे ठीक. पत्र अमक्याकडून आहे, ठीक. तमक्याला आहे, ठीक. आता मजकूर सांगतो. मजकूर संपला हे कळावं म्हणून शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब. मग पुन्हा २५०. उत्तर चारशेच्या घरातलं असेल तर ‘आत्ता नाही, नंतर या’ आणि पाचशेच्या घरातलं असेल तर ‘चालते व्हा’. दोन मुलं समोरासमोर उभी करा, एक स्क्रिप्ट, एक सर्व्हर. मग तिसरं मूल मध्ये उभं करा, लिनक्सची लाल पेटी म्हणून. हे तिसरं मूल प्रत्येक पत्राला लगेच ‘ठीक’ म्हणतं आणि पत्र खिशात ठेवतं. पत्र पुढे गेलं का, ते पहिल्या मुलाला कळतच नाही. मुलांना हे एका फेरीत कळतं. मला कळायला एक महिना लागला.

जासईच्या ऑफिसातला महिना

त्या विद्यार्थ्याच्या काकांचं जासईला ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस होतं. आयातीचा कंटेनर बंदरातून निघाला, पार्टीच्या गोदामात खाली झाला, की रिकामा डबा ठरलेल्या दिवसांच्या आत शिपिंग लाइनच्या यार्डात परत द्यावा लागतो. त्या फुकट दिवसांनंतर दर दिवसाचा आकार लागतो, त्याला डिटेन्शन म्हणतात, आणि दिवस वाढतील तसा दरही चढतो. उशीर ट्रेलरवाल्यामुळे झाला तर पार्टी ती रक्कम त्याच्याच बिलातून कापते. मुलाचा प्रोजेक्ट यावरच होता. फुकट दिवस संपायच्या दोन दिवस आधी काकांना आणि त्यांच्या सुपरवायझरला आपोआप मेल. बारावीच्या मुलाला आपल्या घरच्या धंद्यातली नेमकी अडचण सापडली, याचं मला फार कौतुक वाटलं होतं.

लॅबमधल्या माझ्या मशीनवर मीच कधीतरी पोस्टफिक्स बसवून ठेवलं होतं. त्यावर स्क्रिप्ट चालवली. स्क्रीनवर ‘मेल पाठवला’. चाचणी म्हणून मी पत्र कुणाला पाठवलं होतं? त्याच मशीनवरच्या माझ्याच खात्याला. ते अर्थातच आलं, कारण घरातल्या घरात पत्र द्यायला बाहेर पडावंच लागत नाही. मी खूश, मुलगा खूश. एका जुन्या संगणकावर लिनक्स आणि पोस्टफिक्स टाकून आम्ही तो काकांच्या ऑफिसात ठेवला. रोज सकाळी सातला स्क्रिप्ट चालावी म्हणून ‘क्रॉन’मध्ये नोंद केली.

काकांना वाटलं, मेल आला नाही म्हणजे कुठल्याच डब्याची मुदत जवळ आलेली नाही. त्यांनी वही बघणं सोडलं. महिन्याच्या शेवटी पार्टीकडून हिशेब आला, त्यात दोन कंटेनरचं डिटेन्शन कापलेलं. ऑफिसात एकही मेल आलेला नव्हता. स्क्रिप्ट मात्र रोज सात वाजता ‘पाठवला’ असं स्वतःच्या नोंदीत लिहीत होती. ती खोटंही बोलत नव्हती.

झालं होतं असं. त्या ऑफिसच्या इंटरनेट जोडणीवर बाहेर जाणारं २५ नंबर बंद होतं. स्क्रिप्ट पोस्टफिक्सच्या पेटीत पत्र टाके, पोस्टफिक्स ‘ठीक’ म्हणे, मग बाहेर जायला बघे, दार बंद, म्हणून पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करी. पोस्टफिक्स मुळात असं पाच दिवस वाट बघतं. उशीर होतोय असं मध्ये काही कळवत नाही, आपण तसं मुद्दाम सांगितल्याशिवाय. पाच दिवसांनी ते पत्र परत पाठवतं. कुणाला? पाठवणाऱ्याला. पाठवणारा कोण? ज्या खात्याच्या नावाने क्रॉन चालत होतं तो, त्याच मशीनवरचा. म्हणजे पोहोचली नाहीत म्हणून परत आलेली सगळी पत्रं त्याच जुन्या संगणकाच्या ‘मेल’ नावाच्या फोल्डरमध्ये एका फाईलमध्ये साठत होती आणि ती फाईल कधी कुणी उघडलेली नव्हती. मुलाने ‘मेलक्यू’ ही आज्ञा दिली तेव्हा रांगेतली पत्रं दिसली, प्रत्येकाखाली ‘कनेक्शन टाइम्ड आउट’.

काका रागावले नाहीत, पण मुलाला म्हणाले, “तुझ्या मशीनपेक्षा माझी वही बरी.” तो मुलगा त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलला नाही. चूक माझी होती, त्याची नव्हती. घरी विंडोजने जी वॉर्निंग दिली ती मी दोष समजलो आणि लिनक्सने जे गप्प राहून ‘हो’ म्हटलं ते यश समजलो. खरं तर विंडोज त्याला पहिल्या दिवशीच सांगत होतं की बाबा, तुझं पत्र घ्यायला कुणी नाही.

अजून एक सांगतो, नाहीतर लिनक्सवर अन्याय होईल. पोस्टफिक्स नसलेलं लिनक्सही भरपूर असतं. आजच्या उबुंटूच्या डेस्कटॉपवर ते आपोआप येत नाही. तिथे पीएचपीला सेंडमेल सापडत नाही आणि फंक्शन सरळ नकार देतं. लाल पेटीचा मोठा फायदाही आहे. संध्याकाळी वीज गेली, नेट गेलं, तरी पत्र रांगेत सुरक्षित असतं आणि नेट आलं की जातं. काउंटरवर थेट बोलणाऱ्या स्क्रिप्टचं तसं नाही. तेवढ्यात नेट गेलं तर पत्र गेलंच, पुन्हा प्रयत्न करण्याची सोय आपणच लिहायची. शाळेच्या आणि घरच्या कामासाठी मला तरी थेट बोलणारी स्क्रिप्ट पसंत आहे. ती निदान ओरडते.

मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं

आता जो भाग मराठी शिक्षकांना सगळ्यात जास्त छळतो तो. विंडोजवर पीएचपी न वापरता पॉवरशेलने पालकांना मेल पाठवणारे आपले बरेच मित्र आहेत. त्यात ‘सेंड-मेलमेसेज’ नावाची आज्ञा आहे. विंडोज १० आणि ११ सोबत येणारं पॉवरशेल ५.१ ही आज्ञा वापरताना मजकूर आस्की आहे असं धरून चालतं. आस्कीत देवनागरी नाहीच. मग ‘पालक सभा शनिवारी’ हे पालकांपर्यंत ‘???? ??? ???????’ असं पोहोचतं. एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं त्या आज्ञेत स्पष्ट लिहावं लागतं. पॉवरशेल ७ मध्ये ते मुळातच यूटीएफ-८ असतं.

तेवढ्यावर भागत नाही. स्क्रिप्टची फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन केली, पण सुरुवातीची ओळखखूण, जिला बॉम म्हणतात, ती नसेल तर ५.१ त्या फाईलला जुन्या पद्धतीची समजून वाचतं. तेव्हा प्रश्नचिन्हं येत नाहीत, ‘à¤ª’ असा भलताच कचरा येतो. दोन्हीतला फरक ओळखायला शिका. प्रश्नचिन्हं आली तर पाठवताना अक्षरं मेली. कचरा आला तर वाचताना चूक झाली. लिनक्स आणि मॅकवर सगळीकडे यूटीएफ-८ असल्यामुळे हा प्रकार क्वचित दिसतो. म्हणूनच लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट विंडोजवर नेली की ‘काल तर चालत होती’ हे वाक्य ऐकू येतं.

पीएचपीत मजकुराच्या शीर्षात यूटीएफ-८ आहे असं आपणच सांगायचं आणि मराठी विषयाची ओळ वेगळी सांकेतिक करून द्यायची. ते काम करणारं ‘एमबी-सेंड-मेल’ नावाचं फंक्शन तयार आहे. ही गोष्ट तिन्ही प्रणालींवर सारखीच.

टिंबाची गोष्ट मात्र फक्त विंडोजची. वर सांगितलं की एकट्या टिंबाने पत्र संपतं. त्यामुळे ओळीच्या सुरुवातीला टिंब असेल तर ते दुप्पट करून पाठवायचं, असा नियम आहे. लिनक्सवर हे सेंडमेल सांभाळतं. विंडोजवर पीएचपी स्वतः सर्व्हरशी बोलतं आणि टिंब दुप्पट करत नाही, मग ओळीच्या सुरुवातीचं टिंब गायब होतं. आता विचार करा, गुणपत्रकात एखादी ओळ ‘.७५’ अशी सुरू होत असेल तर ती पालकाला ‘७५’ अशी दिसेल! विद्यार्थी खूश, बाकी सगळे गोंधळात. अपूर्णांकाआधी शून्य लिहा, हा आपल्या गणिताच्या शिक्षकांचा आग्रह इथेही कामाला येतो.

मॅकबद्दल थोडं

मॅक हा युनिक्स घराण्यातला असल्यामुळे त्यात २००३ पासून पोस्टफिक्स आहे. म्हणजे लाल पेटी आहे आणि बाहेर जाणारं २५ नंबर बंद असेल तर तीच जासईची कथा तिथेही घडते. शिवाय मॅकवर ‘ॲपलस्क्रिप्ट’ने मेल ॲपला हुकूम देता येतो की नवं पत्र उघड, हा मजकूर घाल, पाठव. पत्र आपल्या रोजच्या खात्यातून जातं, ‘पाठवलेले’ या कप्प्यात दिसतं, हे सोयीचं. पण २०१८ च्या मोहावेपासून मॅक आधी परवानगीची खिडकी दाखवतो. पहाटे पाचला ती खिडकी उघडली तर ‘हो’ म्हणायला कोण बसलंय? विंडोजवर आउटलुकला असाच हुकूम देतात, तिथेही हीच अडचण येऊ शकते. समोर माणूस बसलेला असेल तर ही पद्धत वापरा, वेळापत्रकाने चालणाऱ्या कामाला नको.

वेळापत्रकाचीही तऱ्हा वेगळी. लिनक्सचं क्रॉन स्क्रिप्टने छापलेलं सगळं खातेदाराला मेलनेच कळवतं, तेही त्याच घरगुती पेटीत. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘मेल पाठवा’ असा पर्याय दिसतो, पण विंडोज ८ पासून तो कालबाह्य ठरवलेला आहे, त्याच्या नादी लागू नका.

२७ जून २०१७

आपल्या बंदराशी या विषयाचं एक मोठं नातं आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला जगभर पसरला. तो विंडोज संगणकांवरच चालणारा होता. मर्स्क या डॅनिश समूहाचे संगणक जगभर बंद पडले आणि त्याच समूहाच्या टर्मिनल कंपनीकडे असलेलं न्हावा शेवाचं गेटवे टर्मिनल्स इंडियाही अडकलं. जेएनपीटीतली बाकीची टर्मिनल्स चालू होती, हे एक मात्र संगणकांवाचून हाताने काम करत राहिलं. पुढच्या जानेवारीत दावोसला मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी सांगितलं की दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने बसवावे लागले.

खंडणीच्या पडद्यावर हल्लेखोरांनी संपर्कासाठी एकच ई-मेल पत्ता दिला होता. तो ज्या जर्मन कंपनीकडे होता, त्या पोस्टेओने तो त्याच दिवशी बंद केला. मग पैसे भरले तरी कळवायचं कुठे, हाच प्रश्न.

आपल्या पाठासाठी यातलं महत्त्वाचं इतकंच: जो संगणक ‘अडचण आली की मेल करीन’ म्हणतो, तो स्वतः मेला तर मेल कोण करणार? विंडोज असो की लिनक्स, मेलेल्या यंत्राचा आणि सगळं ठीक असलेल्या यंत्राचा इनबॉक्स सारखाच दिसतो. रिकामा.

आता काय करावं

स्वतःच्या मशीनवरून थेट जगाकडे पत्र टाकायचे दिवस संपले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी हवं. कंटेनरच्या भाषेत सांगायचं तर एसपीएफ म्हणजे आमच्या कंपनीचा माल कोणते ट्रेलर नेऊ शकतात त्याची यादी आणि डीकेआयएम म्हणजे दारावरचं सील. यादीत नाही आणि सीलही नाही, तर गेटवर अडवणार. घरच्या संगणकाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून ज्याच्याकडे आहे त्या मेल सेवेच्या काउंटरवर, पोर्ट ५८७ वर, ओळख पटवून पत्र द्यायचं. जीमेलला ३० मे २०२२ पासून स्क्रिप्टमध्ये नेहमीचा पासवर्ड चालत नाही, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. साध्या खात्यावरून दिवसाला ५०० च्या वर पत्त्यांवर पाठवता येत नाही, मोठ्या शाळांनी हे आधीच बघावं. आणि तो पासवर्ड असलेली फाईल मुलांना प्रोजेक्ट म्हणून वाटू नका. हसू नका, असं होतं.

भाषा कोणती? पायथनचं ‘एसएमटीपीलिब’ तिन्ही प्रणालींवर एकसारखं वागतं, कारण ते लाल पेटी शोधतच नाही, सरळ काउंटरवर जातं आणि नकार मिळाला तर थांबून सांगतं. पॉवरशेलची ‘सेंड-मेलमेसेज’ वापरू नये असं आता मायक्रोसॉफ्टच सांगतं, कारण तिच्या जोडणीच्या सुरक्षेची खात्री देता येत नाही. चाचणीचं पत्र नेहमी बाहेरच्या खात्यावर, मराठी मजकुरासह, आणि जिथे स्क्रिप्ट कायमची राहणार आहे त्याच जागेवरून पाठवायचं. लॅबमधून नाही.

त्या मुलाने नंतर स्क्रिप्ट पायथनमध्ये पुन्हा लिहिली. एक गोष्ट त्याने स्वतःच्या डोक्याने घातली, मी सांगितलेली नव्हती. मुदतीचा एकही डबा नसेल तरी रोज सकाळी सातला मेल जातो: ‘आज एकही कंटेनर नाही.’ सव्वासातपर्यंत तो आला नाही तर काका वही काढतात आणि पुतण्याला फोन लावतात.